अंगठ्याचा निरोप

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका लग्नाहून रात्री घरी आलो, नेहमीसारखा झोपलो आणि अडीचच्या सुमाराला उजव्या पायाच्या अंगठ्यानं मला जागं केलं. सांध्यात कुणी पाचर ठोकत असावं असा ठणका. अंगठा लाल, गरम आणि ताणल्यासारखा चकचकीत. पायाला चादर लागली तरी ओरडावंसं वाटे. पत्नी दिवा लावायला उठली, तर तिच्या पावलांनी फरशी हादरते आहे असं वाटून मी तिच्यावरच खेकसलो.

सकाळी कसाबसा डॉक्टरांकडे पोचलो. त्यांनी हात न लावता अंगठा पाहिला आणि म्हणाले, "गाऊट दिसतोय." मग लगेच माझ्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळायला लागले. मी म्हटलं, "डॉक्टर, दुखणं खाली आहे." पट्टा फुगवत ते म्हणाले, "खाली आहे म्हणूनच वर बघतोय."

रक्तदाब निघाला १७०-१००. दुखण्यानंही तो चढतो, आठवड्यानं पुन्हा पाहू, असं ते म्हणाले. आठवड्यानं अंगठा उतरला होता, रक्तदाब मात्र तिथंच होता. किती वर्षं होता कोण जाणे! मला त्याचा गंधही नव्हता.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. प्रश्न पडला की मागं जाऊन शोधायचं, ही आमची खोड. स्टुलावर पाय ठेवून बसलेल्या त्या दिवसांत मी गाऊटचा इतिहास वाचायला घेतला. पायाचा अंगठा आणि छातीतलं हृदय यांचा संबंध माणसाला कधी कळला, एवढंच मला हवं होतं. उत्तर मिळालं ते असं, की तो संबंध माणसाच्या नजरेला अनेकदा पडला, आणि अनेकदा माणसानं त्याचा भलताच अर्थ लावला.

सुरुवात आपल्याकडून करू. आयुर्वेदात 'वातरक्त' नावाचा विकार आहे. वातरक्त म्हणजे तंतोतंत आजचा गाऊट असं म्हणता येणार नाही, पण बरीचशी लक्षणं जुळतात. चरकसंहितेत त्याला आणखी एक नाव दिलं आहे, 'आढ्यवात'. आढ्य म्हणजे श्रीमंत. हा सुखवस्तू, बैठ्या माणसांचा आजार हे तेव्हाच्या वैद्यांनी हेरलं होतं. सुश्रुतसंहितेत तर एक विलक्षण उपमा आहे. हा विकार पायांत, क्वचित हातांत मूळ धरतो आणि तिथून उंदराच्या विषासारखा हळूहळू सगळ्या देहात पसरतो. सुश्रुताला रक्तवाहिन्यांचा आजार ठाऊक होता असा दावा मी करणार नाही. पण आजार पायाशी सुरू होत असला तरी तो पायापुरता नसतो, हे त्या उपमेत आहे.

तिकडे ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनी आणखी एक निरीक्षण नोंदवलं. पाळी थांबेपर्यंत बाईला हा रोग होत नाही. आज आपल्याला माहीत आहे की इस्ट्रोजेन हे संप्रेरक मूत्रपिंडांना युरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करतं. हृदयविकारही बायकांना साधारणपणे पुरुषांपेक्षा उशिरा गाठतो. दोन्ही आजारांचं हे वेळापत्रक इतकं सारखं असूनही दोन-अडीच हजार वर्षं ते कुणी शेजारी ठेवून पाहिलं नाही.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये टॉमस सिडनहॅम नावाचे मोठे वैद्य होऊन गेले. त्यांना स्वतःलाच तीस वर्षांहून अधिक काळ गाऊट होता. १६८३ साली त्यांनी त्याचं वर्णन छापलं. रोगी धडधाकट झोपतो, रात्री दोनच्या सुमाराला अंगठ्याच्या दुखण्यानं जागा होतो, पांघरुणाचं ओझंही त्याला सोसत नाही, आणि खोलीत कुणी चाललं तरी असह्य होतं. हे वाचताना मला पत्नीची क्षमा मागावीशी वाटली. सव्वातीनशे वर्षांत त्या रात्रीत काडीचा फरक पडलेला नाही.

पण सिडनहॅम यांच्यानंतरच्या शतकात गाऊटभोवती एक चमत्कारिक समजूत माजली. पंचम चार्ल्ससारखा सम्राट, इटलीतलं मेदिची घराणं, इंग्लंडचे पंतप्रधान थोरले पिट, अशा बड्या लोकांना तो होतो म्हणून तो प्रतिष्ठेचा ठरला. एवढ्यावर ते थांबलं नाही. गाऊट असणं चांगलं, तो अंगात असला की दुसरे मोठे आजार जवळ येत नाहीत, असं शहाणीसुरती माणसं मानू लागली. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८० साली पॅरिसमध्ये गाऊटनं हैराण झालेले असताना स्वतःचा आणि गाऊटचा एक विनोदी संवाद लिहिला. त्यात गाऊट फ्रँकलिनना बैठेपणाबद्दल आणि खादाडपणाबद्दल झापतो. शिवाय तो अशीही फुशारकी मारतो, की मीच तुझा वैद्य, मीच तुला पक्षाघातापासून वाचवलं. थट्टाच ती, पण तिच्यामागे त्या काळची खरीखुरी समजूत होती.

त्या समजुतीची दुसरी बाजू भीतीची होती. गाऊट पायात आहे तोवर ठीक, तो 'उडून' पोटात किंवा हृदयात गेला तर माणूस दगावतो, असं वैद्य सांगत. म्हणून पायातलं दुखणं घालवायलाच लोक घाबरत. गाऊटची माणसं अचानक छातीच्या कळेनं मरतात, हे निरीक्षण खरं होतं. फक्त अर्थ उलटा लावला होता. अंगठ्यातून काहीही उडून हृदयात जात नव्हतं. हृदयातला आजार आधीपासून तिथंच होता.

याचं जिवंत उदाहरण म्हणजे लंडनचे विख्यात शल्यविशारद जॉन हंटर. देवीची लस शोधणाऱ्या एडवर्ड जेन्नर यांचे हे गुरू. १७६९ च्या वसंतात हंटर यांना गाऊटचा झटका आला. पुढच्या तीन वसंतांतही तो आला. चौथ्या वर्षी आला नाही. आणि त्याच वर्षी, १७७३ च्या वसंतात, एके सकाळी त्यांना अचानक पोटात कळ आली, चेहरा प्रेतासारखा पांढरा पडला, आणि स्वतःची नाडी शोधू लागले तर ती हाताला लागेना. त्या काळच्या माणसाला हे दिसलं असतं तर तो म्हणाला असता, बघा, गाऊट पायातून निघून वर गेला!

त्यानंतर हंटर वीस वर्षं जगले. रागाचा प्रसंग आला की छातीत कळ यायची, आणि माणूस तर तापट. जेन्नर यांना शंका आली होती की या दुखण्याचं मूळ हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांमध्ये आहे. पण गुरूंना हे कळलं तर त्यांना धक्का बसेल, म्हणून त्यांनी त्याची वाच्यता टाळली. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या सभेत वादावादी झाली, हंटर बाहेर पडले आणि कोसळले. शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाच्या धमन्या हाडासारख्या कडक झालेल्या आढळल्या. जेन्नर यांचा अंदाज बरोबर होता.

इथं मला थोडं घरचं सांगावं लागेल. आमच्या थोरल्या भावाचा, अण्णांचा, अंगठा वर्षातून दोन-तीनदा सुजायचा. वडील हसून म्हणायचे, "राजरोग आहे, आमच्या घरी कसा आला?" अण्णाही हसायचे. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणायचे, चार दिवस लंगडायचे आणि पाचव्या दिवशी कामावर जायचे. सत्तावन्नाव्या वर्षी एका पहाटे ते हृदयविकारानं गेले. दोन्ही गोष्टींचा काही संबंध असेल हे कुणाच्या मनातही आलं नाही. संबंध होताच, असं मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्यांचा रक्तदाब कधी कुणी मोजला होता का, हे आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. आठवलं नाही.

रक्तदाब मोजण्याचीच गोष्ट निघाली आहे, तर या इतिहासातला मला सर्वांत आवडलेला माणूस भेटतो तो इथं. त्याची कथा सुरू होते पाटण्यात. १७५९ साली तिथं जन्मलेले शेख दीन महंमद ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेबरोबर वाढले, पुढं आयर्लंडला गेले, आणि १७९४ साली त्यांचं प्रवासवर्णन प्रसिद्ध झालं. इंग्रजीत पुस्तक लिहिणारे ते पहिले भारतीय. लंडनमध्ये त्यांनी भारतीय पदार्थांची खानावळ काढली, ती बुडाली. मग ब्रायटनच्या समुद्रकिनारी त्यांनी वाफेच्या स्नानाचं आणि चंपीचं दुकान थाटलं. ती चंपीच इंग्रजीत 'शाम्पू' झाली. आमवात, आखडलेले सांधे आणि गाऊट यांवर आपला इलाज गुणकारी आहे, अशी जाहिरात ते करत. राजे चौथे जॉर्ज यांच्यापर्यंत त्यांची ख्याती पोचली. आणि चौथ्या जॉर्जना गाऊट होता, हे वेगळं सांगायला नको.

या दीन महंमदांचा नातू फ्रेडरिक अकबर महंमद. जन्म १८४९, ब्रायटनचाच. तो डॉक्टर झाला, लंडनच्या गाईज हॉस्पिटलमध्ये. तेव्हा दंडाला बांधायचा पट्टा नव्हता. तो रिवा-रोची या इटालियन डॉक्टरांनी आणला १८९६ साली. नाडीच्या ठोक्यांचा आलेख काढणारं एक यंत्र मात्र होतं, स्फिग्मोग्राफ नावाचं. फ्रेडरिकनं विद्यार्थिदशेतच त्यात सुधारणा केली, मनगटावरचा दाब मोजता येईल अशी. आणि मग तो शेकडो माणसांच्या नाड्यांचे आलेख काढत सुटला.

तोपर्यंत डॉक्टरांची समजूत अशी, की नाडीचा ताण वाढतो तो मूत्रपिंडं बिघडल्यामुळे. फ्रेडरिकला उलट दिसलं. लघवीत काहीही दोष नसलेल्या, चालत्याबोलत्या, स्वतःला निरोगी समजणाऱ्या पुष्कळ माणसांच्या नाडीचा ताण वाढलेला होता. हृदय, धमन्या आणि मूत्रपिंडं यांचं नुकसान नंतर होत होतं. आज आपण ज्याला उच्च रक्तदाब म्हणतो, तो स्वतंत्र आजार म्हणून ओळखणाऱ्या पहिल्या काही जणांत फ्रेडरिकचं नाव घ्यावं लागतं. १८७९ साली त्यानं हे मांडलं तेव्हा एक बारीकशी नोंदही केली. नाडीचा असा ताण असलेली अनेक माणसं गाऊट असलेल्या घराण्यांतली असतात, किंवा त्यांना स्वतःलाच गाऊटची लक्षणं असतात.

आजोबा गाऊटचे पाय चोळत होते, नातवानं त्याच लोकांच्या मनगटावर बोट ठेवून खरा धोका ओळखला. १८८४ साली विषमज्वरानं फ्रेडरिक गेला, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी. पुढं त्याचं नाव बरीच वर्षं विस्मरणात गेलं.

दरम्यान गाऊटचं रसायन उलगडलं होतं. १८४८ साली आल्फ्रेड गॅरड यांनी गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात युरिक ॲसिड वाढलेलं असतं हे दाखवलं. त्यांची एक चाचणी मोठी सोपी होती. काचेच्या बशीत रक्तातला पातळ द्रव घ्यायचा, त्यात थोडं ॲसेटिक ॲसिड घालायचं आणि एक धागा सोडून ठेवायचा. युरिक ॲसिड जास्त असेल तर धाग्यावर खडे जमतात, खडीसाखरेच्या दोऱ्यावर जमतात तसे. सांध्यात होतं तेही साधारण असंच. मूत्रपिंडांना हे ॲसिड पुरेसं बाहेर टाकता आलं नाही, की त्याचे सुईसारखे बारीक स्फटिक सांध्यात साठतात. शरीर त्यांच्यावर तुटून पडतं आणि आग भडकते.

मग हा धागा हृदयापर्यंत का पोचला नाही? एक कारण म्हणजे अतिरेक. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अलेक्झांडर हेग नावाच्या डॉक्टरांनी डोकेदुखीपासून रक्तदाबापर्यंत जवळजवळ सगळ्याचं खापर युरिक ॲसिडवर फोडलं. ते पुढं टिकलं नाही, आणि त्यांच्याबरोबर त्यातलं खरंही लोकांनी टाकून दिलं. दुसरं कारण आपल्या सर्वांच्या ओळखीचं. वैद्यकाच्या शाखा झाल्या. सांधा एका डॉक्टराकडे गेला, हृदय दुसऱ्याकडे. रोगी मात्र एकच राहिला.

धागा पुन्हा हाती आला तो विसाव्या शतकाच्या मध्यावर. १९५१ साली अमेरिकेत हृदयाच्या धमन्यांचा विकार असलेल्यांच्या रक्तात युरिक ॲसिड जास्त आढळलं. फ्रेमिंगहॅम या गावातल्या ५२०९ स्त्री-पुरुषांची पाहणी १९४८ पासून सुरू होती. १९८८ साली तिच्यातून निष्कर्ष निघाला, की गाऊट असलेल्या पुरुषांमध्ये हृदयाच्या धमन्यांच्या विकाराचं प्रमाण साठ टक्क्यांनी जास्त होतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात ५१,२९७ पुरुषांवर बारा वर्षं लक्ष ठेवलेलं होतं. सुरुवातीला ज्यांना हृदयविकार नव्हता पण गाऊट होता, त्यांच्यात या विकारानं होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण ५५ टक्क्यांनी जास्त निघालं, आणि तेही रक्तदाब, वजन वगैरे गोष्टी हिशेबात धरून.

मला अधिक हलवून गेला तो स्पेनमधला एक लहानसा अभ्यास, २०१७ चा. गाऊटचे २३७ रुग्ण डॉक्टरांनी तपासले. त्यातले ९५ जण हृदय-रक्तवाहिन्यांच्या दृष्टीनं अतिजोखमीचे आहेत हे नेहमीच्या तपासणीतच दिसलं. उरले १४२. त्यांच्या मानेतल्या धमन्यांची सोनोग्राफी केली, तर ६६ जणांच्या धमन्यांत मेदाचे थर सापडले. जवळपास निम्मे! ही माणसं डॉक्टरांकडे आली होती ती सांध्याची तक्रार घेऊन. मानेत काय साठलं आहे याचा त्यांना पत्ताही नव्हता. फ्रेडरिकला आलेखात दिसलेली माणसं हीच, वरून ठणठणीत आणि आतून धोक्यात.

२०२२ साली इंग्लंडमधला आणखी एक अभ्यास आला, गाऊटच्या ६२,५७४ रुग्णांचा. त्यातल्या ज्यांना पुढं हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात आला, त्यांच्यात आधीच्या साठ दिवसांत गाऊट उसळून गेल्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ दुप्पट होती. घाबरून जाऊ नका. प्रत्यक्ष आकडे लहान आहेत, शंभरांत दोन विरुद्ध दीड असे. पण सांध्यातली आग धमन्यांनाही चटका देत असावी, असा इशारा त्यातून मिळतो.

मग युरिक ॲसिड उतरवलं की हृदय वाचलं, असं सोपं गणित आहे का? दुर्दैवानं नाही. युरिक ॲसिड कमी करणारं ॲलोप्युरिनॉल १९६६ सालापासून वापरात आहे आणि गाऊटसाठी ते उत्तम आहे. पण गाऊट नसलेल्या हृदयरुग्णांना ते देऊन पाहिलं, ब्रिटनमध्ये साडेपाच हजारांहून अधिक लोकांवर. २०२२ साली निकाल लागला, हृदयाला फायदा नाही. म्हणजे सगळा दोष एकट्या युरिक ॲसिडचा नव्हे. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, थकलेली मूत्रपिंडं आणि शरीरातला दाह, ही सगळी मंडळी एकमेकांच्या हातात हात घालून येतात. त्यातला दाराशी येऊन आरडाओरडा करणारा तेवढा गाऊट. बाकीचे मुकाट्यानं मागच्या दारानं आत शिरलेले असतात.

एक गंमत मात्र सांगितली पाहिजे. गाऊटवरचं सर्वांत जुनं औषध म्हणजे कोल्चिसिन. केशराच्या फुलासारख्या दिसणाऱ्या एका कंदवर्गीय वनस्पतीतून ते निघतं. सहाव्या शतकातले वैद्य ट्रॅलिसचे अलेक्झांडर त्या कंदाचा उपयोग सांधेदुखीवर करत. दाह शमवणारं हे औषध अगदी थोड्या मात्रेत हृदयरुग्णांना देऊन पाहण्यात आलं. २०१९ आणि २०२० सालच्या दोन मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला, आणि २०२३ साली अमेरिकेत त्याला हृदयविकारासाठी मान्यता मिळाली. २०२४ सालच्या आणखी एका मोठ्या चाचणीत मात्र तसा फायदा दिसला नाही. वाद चालू आहे. या औषधाची मात्रा थोडी जरी चुकली तरी ते विष होतं, तेव्हा घरच्या घरी प्रयोग नकोत.

आणि घरच्या घरी प्रयोगांबद्दलच शेवटचं. अंगठा सुजला की दुकानातून वेदनाशामक गोळी आणायची, ही अण्णांची रीत आजही घरोघर आहे. यातल्या अनेक गोळ्या रक्तदाब वाढवतात, मूत्रपिंडांवर ताण आणतात, आणि हृदयालाही त्यांचा धोका असतो. म्हणजे ज्यानं इशारा दिला त्याला गप्प करायचं, आणि इशारा ज्याबद्दल होता ते आणखी बिघडवायचं. डॉक्टरांना विचारून घेतली तर तीच गोळी योग्य असू शकते. पण विचारायला गेलं म्हणजे रक्तदाब मोजला जातो, रक्तातली साखर, चरबी, मूत्रपिंडांचं काम तपासलं जातं, गरज पडली तर कार्डिओग्रामही निघतो. खरा लाभ त्यात आहे.

गाऊटचा झटका आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआपही ओसरतो. त्याचा धोका तिथंच आहे. दुखणं थांबलं की आपण विसरतो. माझ्या डॉक्टरांनी विसरू दिलं नाही. मी आता रोज एक गोळी रक्तदाबाची घेतो, एक युरिक ॲसिडची, आणि सकाळी तासभर चालतो. पत्नी सोबत असते. परवा आमच्या पुतण्याचा, अण्णांच्या मुलाचा, फोन आला. म्हणाला, "काका, अंगठा सुजलाय. लग्नात जास्त खाल्लं बहुतेक." मी त्याला अंगठ्याबद्दल काहीच विचारलं नाही. म्हटलं, "आधी रक्तदाब मोजून ये, आणि आकडा मला सांग."

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)